पाच तारखेचं माहेर

कुणाचा एक पैसा देणं नाही, हे वाक्य विधाते सर वर्षातून चाळीसेक वेळा तरी म्हणत. स्टाफरूममध्ये म्हणत, भाजीवालीला सुटे पैसे देताना म्हणत, आणि एकदा तर एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर, कावळा शिवायची वाट बघत सगळे ताटकळले असतानाही म्हणाले होते. म्हणताना त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आपोआप पुढे यायची, कारण तिच्यात एक तोळ्याची अंगठी होती. सर भूगोल शिकवत आणि याच बोटाने आठवीच्या मुलांना नकाशावर सह्याद्री दाखवत. ‘लग्नात हुंडा म्हणून रुपया घेतला नाही, ही अंगठी तेवढी सासऱ्यांनी हौसेने घातली’, हे त्यांचं दुसरं वाक्य. ही दोन वाक्यं मिळून सरांचं चारित्र्य पूर्ण होत असे.

अशा माणसाला घरासाठी नऊ लाखांचं कर्ज काढायची वेळ आली, हे २००८ सालच्या श्रावणात घडलं. पाथर्डी फाट्याजवळ एक तयार फ्लॅट होता. सिडकोतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून सर, त्यांची बायको वेदिका आणि आई नवसाबाई अशी तिघं तिथे जायची होती. मखमलाबादला भावाकडे असलेल्या झेंडूच्या वावरातला आपला वाटा आणि फंडातले पैसे असे मिळून एक्कावन्न हजार सरांनी बिल्डरला इसार म्हणून दिले. दसऱ्याच्या आत बँकेचं मंजुरीपत्र आणलं नाही, तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार होता आणि इसार बुडणार होता. सरांनी या अटीखाली हसत हसत सही केली. कुणाचा एक पैसा देणं नसलेल्या माणसाला बँक नाही म्हणेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही.

बँकेत साधना मॅडम म्हणून एक तरुण अधिकारी होत्या. त्यांनी कागद पाहिले, संगणकावर काहीतरी टाइप केलं, पुन्हा टाइप केलं आणि म्हणाल्या, “सर, तुमचा सिबिलला रेकॉर्डच नाही.”

सर प्रसन्न हसले. पोलिसांत रेकॉर्ड नसणं ज्या अर्थाने चांगलं, त्याच अर्थाने हेही असणार असं त्यांना वाटलं. मॅडमनी समजावलं, की माणसाने कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं, की मुंबईच्या एका कंपनीत त्याची नोंद होते आणि त्यावरून त्याला गुण मिळतात. तीनशे ते नऊशे. सरांनी विचारलं, मला किती? मॅडम म्हणाल्या, तुम्ही परीक्षेलाच बसलेला नाही.

शिक्षकाला हे वाक्य लागतं. बाहेर पडून स्कूटरला किक मारताना सरांचं डोकं गरगरत होतं. आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही म्हणून पास व्हायच्या ऐवजी गैरहजर, हा कुठला न्याय? त्यांनी मनातल्या मनात रिझर्व्ह बँकेला एक पत्र लिहिलं, त्यात ‘खेद’ हा शब्द तीनदा आला आणि सातपूरच्या सिग्नलपाशी ते पत्र विसरलं गेलं.

शेजारच्या शुभांगीताईंचं मत असं पडलं, की परीक्षेला बसलं नाही तर बसावं. एक छोटंसं कर्ज काढायचं, फेडायचं, संपलं. सरांनी त्याच रविवारी बिनव्याजी दहा हप्त्यांवर फ्रिज घेतला. फ्रिज आला, नवसाबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं, आणि त्या रात्रीपासून सरांची झोप उडाली. फ्रिजची मोटर सुरू झाली की त्यांना वाटे, तो आपल्याकडे पैसे मागतोय. आठव्या दिवशी त्यांनी दुकानात जाऊन उरलेले सगळे पैसे एकरकमी भरले, पावती घेतली आणि विजयी मुद्रेने ती साधना मॅडमपुढे ठेवली. मॅडमनी पावती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, की पहिला हप्ता पडायच्या आतच फेडलंत, तर तुम्ही हप्ते वेळेवर भरता की नाही हे कुणाला कसं कळणार? सर म्हणाले, फेडलं हेच पुरेसं नाही का? मॅडम म्हणाल्या, नाही.

मग मैदानात उतरले फकिराअण्णा. हे खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना सात-बारावर लिहिलेली दिसायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि निकाल दिला.

“सर, लग्न लागलं की बाईचं नाव नवऱ्याच्या उताऱ्यावर चढतं. मग तुमचा स्कोअर आन तिचा स्कोअर एकच खातं झालं की. तिचं नाव लावा, दोघांचं मिळून व्हईल काहीतरी.”

सरांना हे पटलं. म्हणजे नीट कळलं नाही, पण ज्या ठामपणाने सांगितलं गेलं तो पटला. आपल्याकडे शून्य आहे आणि लग्नाने त्यात कुठूनतरी भर पडणार आहे, या कल्पनेने त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते वेदिकाला घेऊन बँकेत गेले.

वेदिकाबद्दल दोन शब्द इथे सांगायला हवेत. ती मूळची सिन्नरची. लग्नाआधी तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. लग्न ठरल्यावर ते सुटलं. मग सिडकोत आल्यावर ती साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. ‘तेवढाच तिचा वेळ जातो’ असं सर म्हणत. तिची एकच खोड होती. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला ती सिन्नरला माहेरी जायची. पाऊस असो, पाहुणे असोत, पाच तारीख म्हणजे सकाळची एसटी आणि संध्याकाळी परत. सरांनी तिकिटाचा वर्षाचा हिशेब करून तिला एकदा दाखवलाही होता. मग तीन वर्षांनी हे अचानक थांबलं आणि नवसाबाईंनी त्याचं श्रेय घेतलं. सुनेचं मन रमवायला सासू तशी लागते, असं त्या चार बायकांत सांगत.

तर साधना मॅडमनी पहिल्यांदा फकिराअण्णांचा सिद्धांत निकालात काढला. लग्नाने स्कोअर एक होत नाही, वाढत नाही, कमी होत नाही. ह्यांचा ह्यांच्याजवळ, तुमचा तुमच्याजवळ. दोघं मिळून कर्ज घेतलं तर दोघांचे वेगवेगळे पाहतात. मग त्यांनी मतदार ओळखपत्रावरून वेदिका समाधान विधाते हे नाव टाकलं. त्याचाही रेकॉर्ड नव्हता. म्हणजे सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत, बँकेच्या दृष्टीने पाहिलं तर, कुणीच राहत नव्हतं. फक्त एक फ्रिज होता.

सर उठायला लागले, तेव्हा वेदिकाने पर्समधून एक जुनं पॅनकार्ड काढलं.

“हे कारखान्यात असताना काढलं होतं,” ती म्हणाली. “पण हे आता माझं म्हणून चालेल का, मला माहीत नाही.”

कार्डावर नाव होतं, लंका पुंजाराम लोंढे.

हे तिचं माहेरचं नाव. आजीने ठेवलेलं. लग्न ठरलं तेव्हा नवसाबाईंनी एकच अट घातली होती, की घरात लंका नको, लंकेला आग लागते. नाहीतरी लक्ष्मीपूजनाला नवरी मुलीचं नाव बदलायचंच असतं. नवरा तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहितो, पेढे वाटतात आणि जुनी मुलगी संपते. सरांनी ‘वेदिका’ लिहिलं होतं. हे नाव त्यांना कॉलेजात असल्यापासून आवडायचं, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

साधना मॅडमनी पॅनचा नंबर टाकला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. लंका पुंजाराम लोंढे हिला सातशे एक्क्याऐंशी गुण होते. एप्रिल २००३ मध्ये घेतलेलं चाळीस हजारांचं कर्ज, छत्तीस हप्ते, एकही हप्ता एक दिवससुद्धा चुकलेला नाही. या बाई सहकर्जदार असतील तर साहेब आजच सही करतील, असं त्या म्हणाल्या. फक्त लंका लोंढे आणि वेदिका विधाते ही एकच बाई आहे, याचा सरकारी पुरावा आणा. विवाह नोंदणीचा दाखला असेलच.

नव्हता. पण सर तिथपर्यंत पोचलेच नव्हते. ते ‘एप्रिल २००३’ या शब्दांवर अडकून बसले होते. लग्न होतं त्या वर्षीच्या मे महिन्यात.

घरी आल्यावर त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, ते कसलं कर्ज होतं? वेदिका भाकरी थापत होती. “होतं एक काम,” एवढंच म्हणाली. सर मनाशी हिशेब मांडू लागले. पाच वर्षं आपण या बाईबरोबर संसार करतोय आणि तिचा चाळीस हजारांचा एक भूतकाळ आहे, तोही इतका चांगला, की बँक त्याच्या प्रेमात पडली आहे. नाव न घेता त्यांनी फकिराअण्णांचा सल्ला विचारला. अण्णा म्हणाले, बोजा असतो तो. उतारा बघितल्याशिवाय व्यवहार करायचा नसतो. पत्रिका बघता, बोजा बघत नाही, मग आसं व्हतं. सरांच्या पत्रिकेत एकोणीस गुण जुळले होते. त्या रात्री त्यांनी ते बोटांवर पुन्हा मोजून पाहिले.

भाद्रपद संपत आला होता. दसऱ्याला पंधरा दिवस राहिले. विवाह नोंदणीच्या कचेरीत सर दोन्हीकडच्या लग्नपत्रिका, फोटोंचा अल्बम आणि तीन साक्षीदार घेऊन गेले. साक्षीदारांत नवसाबाई होत्या, फकिराअण्णा होते आणि सिन्नरहून मुद्दाम आलेले सासरे पुंजाराम लोंढे होते. खिडकीतले कारकून शांत आणि काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. मुलीकडच्या पत्रिकेत चि. सौ. कां. लंका होती. मुलाकडची पत्रिका नवसाबाईंनी छापून घेतलेली, तिच्यात लग्नाआधीच चि. सौ. कां. वेदिका झाली होती. तारीख एकच, मुहूर्त एकच, बारा वाजून सव्वीस मिनिटं.

“या कागदांप्रमाणे तुम्ही एका मुहूर्तावर दोन लग्नं केलीत,” कारकून म्हणाले. “यातली कुठली नोंदवायची?”

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एका नवविवाहित मुलीने आपल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला. सरांचे कान तापले. त्यांनी घाईघाईने अल्बम उघडला आणि तांदळाच्या ताटाचा फोटो काढून दाखवला. फोटोत ताट होतं, तांदळात ‘वेदिका’ होतं आणि लिहिणारा हात होता. कारकुनांनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, यावरून ही बाई आधी लंका होती हे कसं कळतं? यावरून तुम्हाला लिहिता येतं एवढंच कळतं. आणि हा हात तरी कुणाचा?

आता सरांचा स्वाभिमान जागा झाला. त्यांनी उजवा हात खिडकीतून थेट आत घातला.

“हात माझा आहे. ही बघा अंगठी. तीच आहे. माझ्या सासऱ्यांनी हौसेने घातलेली.”

मागून पुंजाराम लोंढे पुढे आले. साधा माणूस, कचेरीत खोटं बोललेलं चालत नाही एवढंच त्यांना ठाऊक.

“अंगठी तीच हाय साहेब. पर खोटं कशाला बोलू, म्या नाय घातली. लंकीनं तिच्या पगारावर कर्ज काढलं व्हतं. त्यातच मांडव झाला, जेवणं झाली आन ही अंगठी. लय हट्टी पोर.” लग्नाचे कागद म्हणून घरून आणलेला एक घडी घातलेला कागद त्यांनी बंडीच्या खिशातून काढला. “ही सोनाराची पावती. तिच्याच नावाची हाय.”

कारकुनांनी पावती वाचली. लंका पुंजाराम लोंढे, पुरुषाची अंगठी, एक तोळा. मग फोटो पाहिला. मग खिडकीत अजून तसाच अडकलेला सरांचा हात पाहिला. एवढं सगळं पाहून ते काहीसे नरमले. पावतीने पुरावा होत नाही, म्हणाले, पण मुलीकडची पत्रिका धरतो. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र दोघांनी करून आणा, वडील सही करतीलच. नवसाबाई कुणाकडेच बघत नव्हत्या.

प्रतिज्ञापत्राचा कागद टाइप होईपर्यंत सगळे बाहेर चहाच्या टपरीवर थांबले. सर आणि वेदिका जरा बाजूला उभे होते. सरांच्या डोक्यात पाच तारखेची एसटी सुरू झाली होती. छत्तीस एसट्या. कर्ज देणारी ती बँक सिन्नरलाच असणार. पिको-फॉलचे पैसे, साडीमागे पंधरा रुपये. आणि तिकिटाचा तो हिशेब, जो त्यांनी लाल शाईने केला होता. त्यांना एकदम इतकी लाज वाटली, की चहा खाली ठेवावा की प्यावा हेही समजेना.

“मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सगळ्यांना सांगत होता, सासऱ्यांनी हौसेने घातली म्हणून,” वेदिका म्हणाली. “बाबांना ते ऐकायला फार आवडायचं.”

सरांनी चहा खाली ठेवला. ते अंगठी काढायला लागले. ती निघेना. पाच वर्षांत सासुरवाडीच्या नाही, पण आईच्या हातच्या जेवणाने बोट चांगलं भरलं होतं. टपरीवाल्याने कप धुवायचा साबण दिला. फकिराअण्णांनी मनगट धरून ओढलं. सर कळवळले आणि अंगठी सुटून चहाच्या किटलीपाशी जाऊन पडली. वेदिकाने ती उचलली, पदराला पुसली.

“कुणाला द्यायला काढलीत?”

“तुझ्या बाबांना. त्यांची आहे ती.”

“बाबांची कुठाय?” ती म्हणाली. “हप्ते मी भरलेत.”

आणि तिने ती स्वतःच्या अंगठ्यात घातली. दुसऱ्या कुठल्या बोटात ती बसलीच नसती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मंजुरीपत्र आलं. गुण एकटीचेच असल्याने त्यात मुख्य कर्जदार म्हणून लंका पुंजाराम लोंढे ऊर्फ वेदिका समाधान विधाते असं छापलं होतं आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, सहकर्जदार समाधान विधाते, संबंध पती. सरांनी ते बिल्डरला नेऊन दाखवलं आणि इसार वाचला. शाळेत त्यांनी आपलं पहिलं वाक्य म्हणणं सोडून दिलं, कारण आता ते खरं नव्हतं, आणि दुसरं सोडून दिलं, कारण ते कधीच खरं नव्हतं. आठवीला सह्याद्री दाखवताना त्यांच्या बोटावरचा पांढरा वळ तेवढा दिसायचा. मुलांनी विचारलं तर सर म्हणत, इथे पूर्वी एक पर्वतरांग होती.

दिवाळीनंतर वास्तुशांत झाली. पूजा आटोपली, जेवणाची पानं मांडायची तेवढ्यात नवसाबाईंनी तांदळाचं ताट आणून पाटावर ठेवलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नवसाबाई म्हणाल्या, घराचे कागद एका नावाचे आणि घरातले तांदूळ दुसऱ्या नावाचे, हे काही बरं नाही. पुन्हा कचेऱ्या करायची माझ्यात ताकद नाय. यात पश्चात्ताप किती आणि गुडघेदुखी किती, ते कुणाला सांगता आलं नसतं.

वेदिकाने अंगठ्यातली अंगठी काढून सरांच्या हातावर ठेवली. सर ताटापुढे बसले. हात तांदळावर धरला आणि थांबले. मग वर बघून त्यांनी तिला विचारलं, “काय लिहू?”

पाच वर्षांपूर्वी त्यांनी हे विचारलं नव्हतं. वेदिकाचे डोळे भरून आले होते आणि ते तिला कुणाला दाखवायचे नव्हते, म्हणून ती ताटाकडे बघत होती. मग तिने हळूच सांगितलं. पुंजाराम लोंढ्यांनी टोपी काढून हातात घेतली. सरांनी फळ्यावर लिहावं तसं सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं.

नवसाबाई पुढे झाल्या. चौथी शिकलेल्या, पण नजर पक्की. चष्मा लावून त्यांनी ताट या कडेपासून त्या कडेपर्यंत वाचलं आणि मुलाच्या खांद्याला बोट लावलं.

“वरती टिंब दे नीट,” त्या म्हणाल्या. “नायतर बँकवाले माघारी लावतील.”